पायांची आग आणि पाच वस्तूंचा चिनी काढा

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई ६८ वर्षांच्या, चिपळूणला राहतात. मधुमेहाला १७ वर्षं झाली. मेटफॉर्मिन, रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲस्पिरिन चालू आहे. दोन वर्षांपासून रात्री दोन्ही तळपायांची आग होते, सुया टोचल्यासारखं होतं, पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. पाय गार फरशीवर टेकवले की जरा बरं वाटतं. रात्रीच्या ७५ मिलिग्रॅम प्रीगाबालिनने दुखणं थोडं उतरलं, पण सकाळी भोवंड येते. सिंगापूरच्या दिरांनी तिथल्या चिनी वैद्याला हे वर्णन सांगितलं आणि ‘हुआंगची ग्वेइझी वूवू थांग’ नावाच्या दाणेदार चूर्णाची ६० पाकिटं पाठवून दिली. ती द्यावीत का, आणि दिली तर प्रीगाबालिन बंद करावी का?

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. पाकिटं आत्ता उघडू नका. प्रीगाबालिन आपल्या मनाने बंद करू नका. आणि या आठवड्यात सासूबाईंचं बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ती रक्ततपासणी) करून घ्या.

‘चिनी औषध म्हणजे थोतांड’ असं माझं मत असतं तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. तसं ते नाही. हा काढा मला ठाऊक आहे, चांगला आहे, आणि सगळ्या चिनी काढ्यांमध्ये निरुपद्रवी म्हणावा असाच आहे. अडचण दुसरीच आहे. चिनी वैद्यकाच्या स्वतःच्या हिशेबानेच तो तुमच्या सासूबाईंच्या पायांसाठी दिसत नाही.

मी वेदनाचिकित्सक आहे, म्हणजे मूळचा भूलतज्ज्ञ आणि मग पुरती बाजू बदललेला. त्यातली चार वर्षं सिंगापुरात गेली. तिथे चिनी वैद्यांची रीतसर नोंदणी होते, त्यासाठी २००० साली कायदाच झाला. आमच्या दवाखान्यापासून दोन दारं सोडून एक वयस्क चिनी वैद्यबाई बसायच्या. आमचे थकलेले रुग्ण त्यांच्याकडे जायचे आणि त्यांचे थकलेले आमच्याकडे यायचे, त्यामुळे ओळख झाली. मधुमेहाचा रुग्ण आला की मी कंपन तपासायचा स्वरकाटा, स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू असली आयुधं काढायचो. वैद्यबाई आधी हाताची मागची बाजू रुग्णाच्या पायावर ठेवायच्या. पाय गार की गरम? मग जीभ बघायच्या, चांगली अर्धा मिनिट. मग नाडी, दोन्ही हातांची. नाव-गाव-तक्रार त्यानंतर. मला सुरुवातीला हा सगळा देखावा वाटायचा. नंतर कळलं की गार पाय आणि गरम पाय यांना त्या दोन वेगळे आजार मानतात, आणि दोघांचे काढे जवळजवळ उलटे असतात.

तुमच्या दिरांनी ज्यांना विचारलं त्यांनी ना पायाला हात लावला, ना जीभ पाहिली. ‘मधुमेह, पायाच्या नसा’ एवढं ऐकलं आणि मधुमेही पायांसाठी आज सर्रास दिला जाणारा काढा बांधून दिला. आपल्याकडेही ‘शुगरवाल्यांच्या पायांना’ म्हणून औषध दुकानातून एकच गोळी सगळ्यांना जाते, तसंच.

आता हा काढा मुळात कोणासाठी होता ते पाहा. ‘वूवू’ म्हणजे पाच वस्तू, ‘थांग’ म्हणजे काढा. पहिल्या दोन शब्दांत त्यातल्या दोन मुख्य वस्तूंची नावं आहेत. हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. २००च्या आसपास, झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने तो लिहिला. त्याच्या ग्रंथाचे पुढे दोन तुकडे झाले. ‘जिनग्वेइ याओल्युए’ हा त्यातला दुसरा भाग कित्येक शतकं दृष्टीआड होता. ११व्या शतकात सोंग दरबाराच्या ग्रंथसंग्रहात त्याची संक्षिप्त प्रत सापडली, म्हणून आज हा काढा आपल्या हातात आहे.

त्या ग्रंथात या दुखण्याचं नाव ‘श्वे-बी’ आहे, म्हणजे साधारण रक्ताचा अडथळा. आणि रुग्णाचं वर्णन तर मला नेहमीच गंमतशीर वाटतं. मानमरातबात जगणारा माणूस, हाडं नाजूक, अंगावर मांस भरपूर. जरा श्रम केले की थकतो, घामाघूम होतो, मग झोपेत कूस बदलताना त्याला हलकासा वारा लागतो आणि अंग बधिर होतं. आमच्या मधुमेहाच्या दवाखान्यातली बाकडी अशा माणसांनी भरलेली असतात. १८०० वर्षांपूर्वी साखर मोजायची सोय नव्हती, पण बसून खाणाऱ्याचं शरीर वैद्याच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

लक्षण म्हणून तिथे जे दोन शब्द आहेत ते ‘बु-रन’. वैद्यकात त्याचा अर्थ बधिरपणा, संवेदना नसणं. पण ‘रन’ हा कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतला मध्यवर्ती शब्द, माणुसकी, दुसऱ्याविषयीची आच. ११व्या शतकातल्या चेंग हाओ या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की हातापायांतली शक्ती-संवेदना गेली की वैद्य त्याला ‘बु-रन’ म्हणतात, आणि हे नाव अगदी नेमकं आहे. कारण तो अवयव आता आपला राहिलेला नसतो. आपल्याकडचे रुग्ण हेच म्हणतात. ‘डॉक्टर, हा पाय परक्याचा वाटतो.’ ‘चप्पल निसटून मागे राहिली, मला पत्ताच नाही.’ इतक्या वर्षांत या दुखण्याचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

तर हा काढा मूळचा बधिरपणाचा आहे. थकलेला, सहज घाम येणारा, गार पडलेला माणूस. हातपाय थंड, थंडीत त्रास वाढणारा, शेकलं की बरं वाटणारा. तुमच्या सासूबाईंच्या तक्रारी वाचा पुन्हा. आग, पांघरूण नको, गार फरशी हवी.

पाच वस्तू कोणत्या? हुआंगची हे उत्तर चीन आणि मंगोलियाकडच्या एका शेंगवर्गीय झुडपाचं मूळ. तिथे ते बळ देणारं मानतात. ग्वेइझी म्हणजे चिनी दालचिनीच्या झाडाची कोवळी फांदी. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, तिखट साल मिळते ती बहुतेक वेळा याच झाडाची किंवा याच्या भाऊबंदांची असते. ‘दालचिनी’ हा शब्दच फारसी ‘दारचीनी’वरून आला, चीनचं लाकूड. शाओयाओ हे पिओनी या फुलझाडाचं मूळ. आपल्या स्वयंपाकघराला ते परकं. चौथं ताजं आलं. पाचवं म्हणजे १२ चिनी बोरं, आपल्या बोराची सख्खी चुलत बहीण. म्हणजे पाचातल्या तीन गोष्टींशी चिपळूणच्या स्वयंपाकघराची या ना त्या रूपात ओळख आहे.

मूळ प्रमाण असं: हुआंगची, ग्वेइझी, शाओयाओ प्रत्येकी ३ लियांग, आलं ६ लियांग, बोरं १२; सहा मापं पाण्यात उकळून दोन मापं उरवायचं आणि दिवसातून तीनदा प्यायचं. आपल्या शार्ङ्गधराने काढ्याला सोळापट पाणी आणि आठवा हिस्सा उरवायला सांगितला आहे, त्या मानाने हे सौम्य. पण एक लियांग म्हणजे किती यावर चिनी वैद्यांची आजही भांडणं होतात. कुणी ३ ग्रॅम धरतं, कुणी हान काळची वजनं मोजून १४-१५ ग्रॅमपर्यंत नेतं. म्हणजे एकाच ओळीतून एक वैद्य ९ ग्रॅम हुआंगची देईल आणि दुसरा ४० ग्रॅमच्या पुढे जाईल. पाकिटातल्या दाणेदार चूर्णात तर काढा आटवून सुकवलेला असतो, त्यामुळे १ ग्रॅम चूर्ण म्हणजे किती ग्रॅम मूळ वनस्पती हे उत्पादकाने सांगितल्याशिवाय कळत नाही. वेष्टनावर ते लिहिलेलं आहे का, पाहा.

जाणकार वाचकाला एक गोष्ट दिसेल. आधीपासून प्रसिद्ध असलेल्या ग्वेइझी काढ्यातून ज्येष्ठमध काढून टाकलं, आलं दुप्पट केलं आणि हुआंगची घातली की हा काढा तयार होतो. म्हणजे सगळा ओढा उबेकडे, बाहेरच्या बाजूला रक्त ढकलण्याकडे. चिनी वैद्य आग होणाऱ्या, लालसर, रात्री फुलणाऱ्या पायांत ‘उष्णता’ किंवा ‘ओलावा आटलेला’ बघतात. तिथे दालचिनी आणि दुप्पट आलं देणारा वैद्य निदान माझ्या त्या शेजारीण बाईंच्या हाताखाली तरी टिकला नसता. माझ्यासमोर त्यांनी एका गृहस्थाला विचारलं होतं, ‘रात्री पाय गोधडीच्या आत की बाहेर?’ बाहेर, म्हणाले. मग त्यांनी आधीच्या वैद्याची चिठ्ठी घडी घालून परत दिली.

आयुर्वेद जाणणाऱ्यांना हे परकं वाटणार नाही. वात बिघडण्याची चरकाने दोन कारणं सांगितली आहेत: धातू झिजणं आणि मार्ग अडणं. चिनी वैद्यही दुखण्याबद्दल दोन सूत्रं सांगतात: वाहत नाही म्हणून दुखतं आणि पोषण मिळत नाही म्हणून दुखतं. दोन्हीकडच्या मंडळींनी रुग्णांकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो. यावरून कुठलं औषध चालतं हे सिद्ध होत नाही.

आता माझ्या बाजूचं सांगतो. मज्जातंतू म्हणजे कमरेच्या मणक्यापासून अंगठ्यापर्यंत गेलेली, सुमारे मीटरभर लांबीची तार. जी तार सर्वांत लांब तिला मधुमेहात आधी झळ लागते, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि त्रास मोज्यासारखा वर चढतो. तार खराब झाली की ती दोन प्रकारे वागते: एक तर संदेश देणं बंद करते, तो बधिरपणा, नाहीतर कारण नसताना बोंब मारत सुटते, ती आग, त्या सुया, तो करंट. एकाच पायात दोन्ही असू शकतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा नेहमीच्या गोळ्या साध्या दुखण्यावर काम करतात, बोंब मारणाऱ्या तारेवर त्यांचा फारसा उपयोग नसतो. शिवाय मधुमेही मूत्रपिंडाला आयबुप्रोफेन वर्ज्य असलेलं बरं.

म्हणून प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधं. ती चमत्कार करत नाहीत, हे कबूल करायला हवं. २०१५ साली या सगळ्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. वेदना निम्म्याने कमी व्हावी या कसोटीवर, पोकळ गोळीपेक्षा (म्हणजे दिसायला तशीच, पण औषध नसलेली) एक जादा माणूस बरा व्हायला प्रीगाबालिन साधारण ७ ते ८ जणांना द्यावी लागते, ड्युलॉक्सेटिनसारखी औषधं ६ ते ७ जणांना, ॲमिट्रिप्टिलिनच्या गटातली ३ ते ४ जणांना. उरलेल्यांना भोवंड, झोप, कोरडं तोंड आणि बिल. रुग्ण चिनी, जपानी, आयुर्वेदिक, मिळेल ते शोधत फिरतात यात मला काही नवल वाटत नाही.

मग या काढ्याचा पुरावा काय? मधुमेही मज्जातंतूच्या दुखण्यावरच्या चिनी वनौषधींच्या चाचण्यांचा मोठा आढावा २०१३ साली निघाला. ४९ चाचण्या, ३६००हून जास्त रुग्ण. निष्कर्ष असा की यातली एकही गोष्ट ठामपणे उपयोगी म्हणता येत नाही, कारण चाचण्याच धड केलेल्या नाहीत. खुद्द या पाच वस्तूंच्या काढ्यावर चीनमध्ये बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. बहुतेकांत एका गटाला मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२चंच एक रूप, आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीला किंवा त्याऐवजी काढा, अशी मांडणी असते. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत आणि डॉक्टरलाही. अशा चाचणीत काढा जिंकला नाही तरच आश्चर्य. वाईट काय, तर खरोखर त्यात गुण असला तरी असल्या अभ्यासांतून तो दिसणार नाही.

बरी चाचणी झाली की काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. देवगडकडचे एक रुग्ण, बोटीवर नोकरी केलेले, आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्झॅलिप्लॅटिन घेत होते. हे औषध मज्जातंतूंना त्रास देतं. फ्रीजमधली बाटली धरली की हाताला झटके बसायचे. जपानमधल्या जुन्या सहकाऱ्याने त्यांना ‘गोशाजिंकिगान’ सुचवलं. मूळ कृती चीनमधली, सोंग काळातली. जपानमध्ये ती १०७ क्रमांकाने ओळखली जाते आणि तिथल्या आरोग्य विम्यातही बसते. छोट्या चाचणीत ती आशादायक दिसली होती. मग जपानमध्येच मोठी चाचणी झाली, पोकळ औषधाशी तुलना करून, कोणाला काय मिळतंय हे झाकून. मधला हिशेब काढला आणि चाचणी थांबवावी लागली. शेवटी १८२ रुग्णांच्या हिशेबात त्रासदायक पातळीचा मज्जातंतूविकार काढा घेणाऱ्यांत ५०.६ टक्के, पोकळ औषध घेणाऱ्यांत ३१.२ टक्के. म्हणजे फायदा दूरच, आकडे उलटे. हा निकाल २०१५ला छापून आला. जपानी संशोधकांनी स्वतःच्या देशातल्या, विम्याने मान्य केलेल्या औषधाबद्दल तो छापला, याचं मला कौतुक आहे. देवगडच्या गृहस्थांना मी आकडे दाखवले. त्यांनी गोळ्यांचं पाकीट मुलाकडे दिलं, म्हणाले, ‘माशांना पण नको टाकूस.’

हा निकाल त्या एका काढ्याचा, त्या एका दुखण्यातला. तुमच्या पाकिटावर तो चिकटवता येणार नाही. पण ‘वनस्पती आहे, फायदा नाही झाला तर तोटा तरी काय’ हे वाक्य मी त्यानंतर कुणाला ऐकवलेलं नाही.

तोट्याचीच गोष्ट निघाली आहे तर सांगतो, कारण चिनी ‘नसांच्या औषधां’त खरी भीती इथे आहे. तुमच्या पाच वस्तूंत नाही, शेजारच्या बरण्यांत आहे.

पहिली बरणी बचनागाची. फूझी, छ्वानवू, छाओवू ही तिची चिनी नावं. थंडीने आखडलेल्या, दुखऱ्या सांध्या-नसांसाठी चीनमध्ये ती भरपूर वापरतात. आपल्याकडे वत्सनाभ शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत, तिथेही प्रक्रिया करून आणि बराच वेळ उकळूनच वापरतात, कारण उकळल्याने त्यातलं विष फुटून सौम्य होतं. उकळणं कमी पडलं, प्रमाण चुकलं, की ओठ-जीभ बधिर, उलट्या, आणि मग हृदयाचे ठोके विस्कटतात. हाँगकाँगच्या रुग्णालयांत अशा विषबाधा वर्षानुवर्षं नोंदल्या गेल्या आहेत. आणि यातली गोम अशी की बधिरपणाच्या औषधाने बधिरपणा आला तर रुग्ण त्याला दुखण्याचाच भाग समजतो. गोशाजिंकिगानमध्येही प्रक्रिया केलेला बचनाग असतोच.

दुसरी बरणी अदलाबदलीची. चिनी नावं सारखी आणि झाडं वेगळी, असं बऱ्याचदा होतं. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात ‘फांगजी’ नावाच्या मुळाऐवजी ॲरिस्टोलोकिया वर्गातलं दुसरंच मूळ गेलं. सुमारे शंभर बायकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हातपाय गार पडून दुखण्यावरच्या ‘दांगग्वेइ सिनी’ काढ्यात ‘मूथोंग’ लागतं. त्याच्याही जागी ॲरिस्टोलोकियाची वेल जात असे. चीनने २००३ला ती वापरातून काढली. मधुमेहाला १७ वर्षं झालेल्या मूत्रपिंडावर हा जुगार खेळायचा नसतो.

तिसरी गोष्ट बरणीत नसतेच, चोरून घातलेली असते. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. कुणी प्रवासातून आणून दिलेल्या काळ्या गोळ्यांनी त्यांची पायांची आग तीन दिवसांत गेली, गुडघेही हलके झाले, भूक वाढली. दोन महिन्यांनी चेहरा गोल, साखर ४००च्या पुढे. गोळ्यांत स्टेरॉइड होतं. पूर्वेकडून आलेल्या ‘वेदनाहर’ गोळ्यांत स्टेरॉइड आणि दाहशामक औषधं सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, आणि आपल्या गावोगावच्या पुड्यांतही तेच सापडतं, त्यामुळे चिनी लोकांना नाक मुरडायची सोय नाही. माझा ढोबळ नियम असा: मज्जातंतूचं दुखणं तीन दिवसांत साफ गेलं तर आनंद करण्याआधी गोळी तपासायला द्या. तार इतक्या लवकर गप्प बसत नाही.

ज्येष्ठमधाबद्दल एक ओळ, कारण पायात गोळे येतात म्हणून दीर उद्या ‘शाओयाओ गानछाओ थांग’ही पाठवतील. गोळ्यांवर तो काढा गुणकारी म्हणून नावाजलेला आहे, पण त्यात ज्येष्ठमध भरपूर असतं. ते रोज पोटात गेलं की पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईंना तो नको.

दुखण्यावरची खरी चिनी मुळी म्हणावी ती यानहूसुओ, कॉरिडॅलिसचा गड्डा, परंपरेने शिरक्यात शिजवलेला. त्यातलं एक द्रव्य उंदरांच्या मज्जातंतूच्या वेदनेवर चालतं आणि पुन्हापुन्हा देऊनही त्याचा गुण उतरत नाही, असं २०१४ला कॅलिफोर्नियात दाखवलं गेलं. उंदरांवर. त्याच मुळीतल्या दुसऱ्या द्रव्याच्या शुद्ध गोळ्यांनी, १९९०च्या दशकात अमेरिकेत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. एवढं पुरे.

आता सासूबाईंकडे येऊ. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झाल्याने पायांची अगदी अशीच आग होते. शाकाहारी असतील तर शक्यता आणखी वाढते. कमी निघालं तर इंजेक्शनांचा खर्च त्या ६० पाकिटांच्या कुरिअरपेक्षा कमी येईल. क्रिएटिनिन यासाठी की प्रीगाबालिन शरीरातून मूत्रपिंडामार्गे बाहेर जाते. मूत्रपिंड मंद असेल तर ७५ मिलिग्रॅमही जास्त होतात आणि सकाळची भोवंड तिथून येत असू शकते. मग मात्रा उतरवणं, वेळ अलीकडे आणून संध्याकाळी देणं, किंवा दुसरी गोळी निवडणं हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. एकदम बंद केली तर झोप उडते, दुखणं उसळतं, म्हणून टप्प्याटप्प्याने. उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो का हेही बघायला सांगा. मधुमेहात तेही होतं, आणि दोष गोळीच्या माथी येतो.

हे सगळं होऊन, बी-१२ ठीक असून, दोन गोळ्या आजमावूनही आग राहिली, आणि दीर म्हणाले की एकदा काढा करून पाहायचाच, तर मी अडवणार नाही. पण वैद्याने त्यांना पाहिलेलं असावं. प्रत्यक्ष नाही तर निदान व्हिडिओवर, दिवसाच्या उजेडात जीभ दाखवून, पाय गार की गरम, घाम येतो का, तहान किती, शौचाला कसं होतं हे सांगून. माझा अंदाज, ते हा काढा बदलतील. बदललेल्या काढ्यातल्या प्रत्येक वस्तूचं वनस्पतिशास्त्रीय नाव लिहून मागवा आणि वरच्या दोन बरण्यांशी ताडून पाहा. ॲस्पिरिन चालू आहे, तेव्हा दांगग्वेइ किंवा दानशेन ही रक्त आणखी पातळ करू शकणारी मुळं असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. हुआंगचीने साखर थोडी उतरू शकते, म्हणून पहिले दोन आठवडे घरच्या यंत्रावर साखर जरा जास्त वेळा मोजा. अवयवरोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या कुणाला मात्र हुआंगची अजिबात नको. तुमच्याकडे तसं नाही, पण पाकिटं शेजारीपाजारी वाटली जातात हे मला माहीत आहे.

आणि वही ठेवा. काढा सुरू करण्याआधी दोन आठवडे, रोज झोपताना शून्य ते दहामध्ये दुखणं किती, रात्री किती वेळा उठल्या. मग सहा ते आठ आठवडे काढा, दुसरा कुठलाही बदल न करता. आकडा तिसऱ्या हिश्श्याने तरी उतरला नाही तर काढा थांबवा, मग तो कितीही जुन्या ग्रंथातला असो. उतरला, तर खूश होण्याआधी एक काम करा. नायलॉनच्या तंतूने तळपाय पुन्हा तपासून घ्या. कधी कधी बोंब मारणारी तार गप्प बसते ती मेल्यामुळे. आग गेली आणि स्पर्शही गेला, तर रुग्ण ‘बरा झालो’ म्हणून अनवाणी हिंडायला लागतो. पहिला फोड त्याला दिसत नाही, मुलीला मोज्यावरच्या डागावरून कळतो.

याच कारणाने चिनी दवाखान्यांतला एक लाडका उपाय मी सरळ बाद करतो: गरम काढ्यात पाय बुडवून बसणं. वाटतं छान. पण बधिर पायाला ५० अंशांचं पाणी कोमट लागतं. आमच्याकडे असे भाजलेले पाय चिनी काढ्याने क्वचित आणि साध्या शेकाच्या बादलीने जास्त येतात. गणपतीत चिपळूणला जाल तेव्हा बघा, रात्री पाय चोळून देणारं कुणी प्रेमाने कढत पाणी आणत असेल, तर आधी त्यात स्वतःचं कोपर घाला.